निवळलेल्या बाटल्या

२९ जून १९९८, सोमवार

पावसाळी काम आजपासून सुरू झालं. सोमवार, बुधवार, शुक्रवार मी वडगाव रासाईला, बाकीचे दिवस दौंडच्या पुलाजवळ. भीमा तीच, माणसं वेगळी.

काम सांगायला अगदी सोपं आहे. नाव नदीच्या मध्यावर न्यायची, लोखंडी चौकटीत अडकवलेली बाटली ठरलेल्या खोलीवर सोडायची, दोरीनं बूच ओढायचं, भरली की वर घ्यायची. मग दौंडच्या प्रयोगशाळेत ते पाणी गाळायचं आणि राहिलेला गाळ वाळवून वजन करायचं. खालच्या धरणात दरवर्षी किती माती जाऊन बसते त्याचा हिशेब यावरून निघतो. आईला हे समजावून सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे सरकार तुला नदीतली माती तोलायला पगार देतं?" शिरूरच्या बायकांना ती काय सांगते कोण जाणे. बहुतेक 'सुषमा धरणावर आहे' असं सांगत असावी.

वडगावला नाव चालवतो आणि बाटल्या भरतो तो संपत. हंगामी रोजंदारीवर आहे, बरेच पावसाळे झाले. त्याचं नाव कायम करायच्या यादीत आहे, यंदाचा हंगाम बिनतक्रार गेला की पक्कं करतो, असं साहेबांनी त्याला माझ्यासमोर सांगितलं. तो नुसता "व्हय" म्हणाला. पण बाहेर आल्यावर एकटाच हसत होता, ते मी पाहिलं.

मी नसेन त्या दिवशी तो एकटाच बाटल्या भरून आपल्या घराच्या पडवीत ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मी दोन्ही दिवसांच्या बाटल्या क्रेटमध्ये घालून एस.टी.नं दौंडला नेते. आज कंडक्टरनं विचारलं, "बाई, दारू काय?" मी म्हटलं, "हो, भीमेची." मग त्यानं क्रेटचं तिकीट लावलं नाही.

३ जुलै, शुक्रवार

संपतची आई बयाबाई. साठीच्या पुढच्या, कडक आणि मायाळू अशा एकदमच. पूर्वी घरात मेंढरं होती, ती कधीच विकली. आता मांडवावर दोडका आणि थोडा झेंडू. त्यांच्याकडे चहा घेतल्याशिवाय एस.टी. पकडता येत नाही.

नदी लाल झाली आहे, पण त्यांच्या हंड्यात तळ दिसतो. तुरटीचा खडा असा फिरवतात की बघत राहावं. चार वेळा उजवीकडे, मग हात थांबवतात, मग हंड्याकडे कुणाला फिरकू देत नाहीत. वरचं नितळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओततात आणि खालचा गाळ झेंडूला.

देवळाजवळच्या विहिरीची गोष्ट त्यांनी आज सांगितली. मागं आरोग्य खात्याची माणसं आली, बाटलीत पाणी भरून घेऊन गेली आणि नंतर विहिरीवर लाल फुली मारून गेली. "त्याच साली माझ्या पुतणीला बघाया सोयरं आल्तं," बयाबाई म्हणाल्या. "फुली बघितली आन् घरात आल्यावर चा घेतला न्हाई. म्हंले, आताच पिऊन आलोय. आम्हाला कळत न्हाई का?" दोन वर्षं झाली, पण सांगताना त्यांचा आवाज ताजा होता. मी "अरेरे" म्हटलं आणि घड्याळ बघितलं.

८ जुलै, बुधवार

वाईट दिवस. एस.टी. उशिरा, पाऊस अंगावर, घाट उतरताना पाय घसरला आणि चपलेचा अंगठा तुटला. संपत नाव घेऊन वाट बघत होता, त्याच्यावरही उगाच चिडले.

बयाबाईंकडे ओले पाय घेऊन बसले होते तर त्यांनी विचारलं, "बाई, ह्या बाटल्यांचं पुढं काय करत्यात?" मी वैतागलेली होते. म्हटलं, "पाणी किती घाण आहे ते बघतात, मावशी. लईच घाण निघालं की गावाचं नाव लाल शाईत." आणि मी हसले. त्या हसल्या नाहीत. चेष्टा कळली नसावी. मग आतून स्वतःच्या चपला घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "ह्या घालून जा. शुक्रवारी आना माघारी." मला दोन बोटं मोठ्या होतात, पण दौंडपर्यंत टिकल्या.

१७ जुलै, शुक्रवार

काहीतरी बिघडलं आहे. मी वडगावला असते त्या दिवसाच्या बाटल्यांत गाळ भरपूर निघतो. मी नसते त्या दिवसाच्या बाटल्या जवळजवळ विहिरीच्या पाण्यासारख्या. आधी वाटलं, मध्ये एखाद्या दिवशी नदी उतरली असेल. पण दौंडला तर रोज गढूळ आहे. भीमेला माझं वेळापत्रक कुणी सांगितलं?

एकच अर्थ निघतो आणि तो मला काढावासा वाटत नाही. मी नसले की संपत नाव पाण्यात घालत नाही. घाटाच्या आतल्या संथ पाण्यात, नाहीतर सरळ विहिरीत, बाटल्या बुडवतो आणि घरी जातो.

२२ जुलै, बुधवार

त्याला सहज विचारल्यासारखं करून विचारलं. "मधूनच भरतो की, मॅडम," म्हणाला. डोळ्यांत डोळे घालून म्हणाला. खोटं बोलणारे असंच बोलतात असं मी कुठंतरी ऐकलंय, आणि खरं बोलणारेही असंच बोलतात हे मला तेव्हा आठवलं नाही.

नंतर बयाबाईंनी पिठलं-भाकरी वाढली. मुलावर संशय धरायचा आणि आईच्या हातचं खायचं, हे मला जमलं नाही. अर्धी भाकरी ठेवली. "बरं न्हाई का?" म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

२७ जुलै, सोमवार

आज मी ते बोलले. बोलायला नको होतं असं आता वाटतंय, पण खोटं काहीच बोलले नाही.

काल रविवारी नदी दुथडी होती. आज सकाळी पडवीत कालच्या बाटल्या बघितल्या तर आरपार दिसत होतं. डोकं फिरलं. संपत पारावर होता. नागपंचमी उद्यावर, त्यामुळे गावातली बरीच माणसं तिथं होती. मी क्रेट पारावर ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हटलं, "तुम्ही नाव पाण्यात घातलीच नाहीत. काठावर बसून बाटल्या भरायच्या आणि सरकारचा पगार खायचा, असं चाललंय."

तो आधी तापला. "देवाच्या पारावर हाय मी. मधूनच भरल्यात." पोपटराव म्हणून गावातले जाणते आहेत, ते म्हणाले, "बाई, ह्यो लबाडी करणारा न्हाई." मी म्हटलं, मग तुम्हीच बघा, आणि एक बाटली त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती बघून संपतकडे दिली. संपतनं ती उन्हाकडे धरली. काच बोटानं चोळून बघितली, पाण्याचा थेंब जिभेला लावला. मग त्यानं आपल्या घराच्या दिशेला पाहिलं. नंतर म्हणाला, "तुम्ही म्हंता तसं आसंल."

म्हणजे कबूलच केलं. पोपटराव खाली बघून तंबाखू मळायला लागले. मला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. उपाशी होते म्हणूनही असेल.

२९ जुलै, बुधवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी एकदाच विचारलं, "खात्री आहे ना? त्याचं नाव यादीतून जाईल." मी म्हटलं, "हो, त्यानं माणसांसमोर मान्य केलंय." झालं. नाव कापलं गेलं. दौंडच्या साइटवरचा बाळासो उद्यापासून वडगावला. तो पाण्याची पातळी मोजायच्या पट्टीजवळच्या सरकारी पत्र्याच्या खोलीत राहील आणि बाटल्याही तिथंच ठेवील.

७ ऑगस्ट, शुक्रवार

बाळासो आल्यापासून रोजचं पाणी गढूळ. मी असो की नसो. म्हणजे माझं बरोबरच होतं. हे वाक्य दोन-तीनदा मनात म्हणून बघितलं.

वडगावात आता मला कुणी काही बोलत नाही, फक्त रस्ता देतात. बयाबाईंच्या दारावरून मान खाली घालून चालले होते तर त्यांनीच हाक मारली. "बाई, चा न पिता चालला व्हय?" बसावं लागलं. त्यांनी चहा दिला आणि म्हणाल्या, "संपत आसं करंल आसं मला वाटलं न्हवतं. पर त्योच म्हंतो, आई, काठावरनं भरल्या, चुकी झाली. मग मी तरी काय बोलू?" मग हळू आवाजात, "गावात तोंड दाखवाया नको वाटतं, बाई." मुलाची लाज त्या माझ्याकडे बोलून दाखवत होत्या.

१० ऑगस्ट, सोमवार

जसं झालं तसं लिहिते.

शनिवारी बाळासोच्या खोलीचा पत्रा वाऱ्यानं उडाला. त्यानं क्रेट बयाबाईंच्या पडवीत नेऊन ठेवला आणि स्वतः देवळात झोपायला गेला. मला हे माहीत नव्हतं. आज लवकरच्या एस.टी.नं गेले. पडवीत शिरले तर रविवारच्या बाटल्या राखेनं घासून, लख्ख करून, भिंतीशी पालथ्या घातलेल्या. शेजारी पातेल्यांची रांग, प्रत्येकात नितळ पाणी, आणि बयाबाई एक पातेलं कलतं धरून वरचं पाणी अलगद बाटलीत ओतत होत्या. तळाशी बोटभर गाळ. माझा गाळ.

मला बघून त्या दचकल्यासुद्धा नाहीत. थोड्या लाजल्या. "लई गढूळ आणलं व्हतं बाळासोनं," म्हणाल्या. "त्याला काय कळतंय? संपतच्या टायमाला बी मीच निवळून ठेवत व्हते. त्याला ठावं न्हाई. त्यो रानात गेला की करायचे. गावाचं नाव कशाला लाल करायचं, बाई? एकदा त्या हिरीचं झालं तेवढं बास झालं."

काय बोलणार? 'मावशी, तुम्ही मुलाची नोकरी घालवली' असं? ते म्हणायचं तर त्याच्या आधी दुसरं म्हणावं लागलं असतं: तुम्ही मला नीट विचारलं होतं आणि तुटलेल्या चपलेच्या रागात मी तोंडाला येईल ते बोलले होते. ते मला चांगलं आठवतंय. इथंच लिहिलेलं आहे, आणि 'चेष्टा कळली नसावी' असंही लिहिलंय. चेष्टा होतीच कुठं त्यात? दोन वर्षांपूर्वी लाल फुलीनं पोळलेल्या बाईला मी लाल शाई सांगितली.

त्यांनी पाण्याचा तांब्या दिला. मी प्याले आणि निघून आले.

११ ऑगस्ट, मंगळवार

दौंडला बाटल्या फोडल्या. म्हणजे हातातून पडल्या.

१२ ऑगस्ट, बुधवार

संपतला गाठलं. तो मांडवावर दोडक्याचे वेल सुतळीनं बांधत होता. मी म्हटलं, "संपत, तुम्ही मधूनच भरत होता. मला आता कळलंय. मावशी—"

"म्हाईत हाय मला," तो म्हणाला. त्यानं हात थांबवला नाही. "त्या दिशी पारावरच कळलं. काच राखेनं घासल्याली व्हती आन् पाण्याला तुरटीची चव. आमच्या घरातलं पाणी मी वळखत न्हाई का?"

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? माझ्या आईनं माझी नोकरी खाल्ली आसं, समद्या गावापुढं?" तो पहिल्यांदाच माझ्याकडे वळला. "ती गावासाठी करत व्हती, मॅडम. तिला वाटतंय लई मोठं काम केलं. आता तिला कळलं की तिच्या निवळन्यापायीच माझं नाव कापलं, तर ती अन्नाला शिवायची न्हाई. मला रोजगार कुठं बी घावंल. भांडगावला कंपनीत हमाल घेत्यात. आई दुसरी घावत न्हाई."

मी सुतळीचं दुसरं टोक धरून उभी होते. केव्हा धरलं ते आठवत नाही.

"कुणीतरी तिला सांगितलंय," तो म्हणाला, "की घाण पाणी गेलं तर गावाचं नाव लाल शाईत लिवत्यात. नायतर तिच्या डोक्यात कुठनं यायचं? त्यो माणूस मला घावला पायजे एकदा."

तेव्हा सांगायला हवं होतं. जागा होती, वेळ होता, आजूबाजूला कुणी नव्हतं. मी म्हटलं, "साहेबांशी मी बोलते. मावशींचं नाव येणार नाही." आणि सुतळीची गाठ मारली. इतकी घट्ट मारली की त्याला ती सोडून पुन्हा बांधावी लागली.

१४ ऑगस्ट, शुक्रवार

दिवसभर एकच विचार. संपतचं नाव परत घालायचं तर गाळ कुठं गेला ते सांगावं लागणार. बयाबाईंना मध्ये न आणता सांगायचं तर तो माझ्याच हातून गेला असं म्हणावं लागणार. आणि तसा तो गेलाच आहे की. फक्त मी वेगळ्या रीतीनं घालवला असं सांगायचं.

एक दिवस ठेवलेल्या बाटलीतला गाळ तळाला बसतो. गाळायच्या आधी ती जोरात हलवून घ्यायची असते. मी हलवली नाही, वरचं पाणी ओतलं, तळ धुऊन टाकला. मी नसायचे त्या दिवसांच्याच बाटल्या शिळ्या असायच्या, म्हणून त्याच नितळ. बाळासो आल्यापासून मात्र हलवायला लागले, असं सांगायचं. किती चपखल बसतं. खोटं इतकं चांगलं जमतंय याची भीती वाटली.

आणखी एक गोष्ट लिहून ठेवते, कारण इथं तरी लपवायचं नाही. हे ठरवल्यावर मला बरं वाटलं. स्वतःवर आळ घेणारी मी मला आवडायला लागले. दौंडच्या स्टँडवर चहा पितानाही मी स्वतःकडे थोड्या कौतुकानं बघत होते. एवढं मोठं खोटं बोलायला तयार आहे, आणि 'लाल शाईचं मी बोलले' हे एवढंसं खरं मात्र कुणापुढं तोंडातून निघत नाही.

१७ ऑगस्ट, सोमवार

साहेबांना सांगितलं. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. एवढ्या लगेच ठेवला याचं थोडं वाईटच वाटलं. "बाटली हलवायला पहिल्या वर्षाची मुलगी विसरते," म्हणाले. माझं हे चौथं वर्ष आहे. मला लेखी ताकीद मिळणार आणि अहवालात शेरा जाणार. संपत बुधवारपासून कामावर आणि त्याचं नाव पुन्हा यादीत. "पण त्यानं कबूल कसं केलं होतं?" असं साहेबांनी विचारलं. मी म्हटलं, "मी फार ओरडले होते." हे खरं होतं.

१९ ऑगस्ट, बुधवार

साहेबांना काय सांगितलं ते संपतला सांगितलं. तो वल्हवायचा थांबला, वल्हं नावेत आडवं ठेवलं. मग म्हणाला, "उपकार झालं, मॅडम." उपकार हा शब्द मी तिथंच नदीत टाकायला हवा होता.

संध्याकाळी पोपटराव एस.टी.पाशी येऊन थांबले. त्यांना बातमी कळली होती. "बाई, कामावर घेतला ते चांगलं केलं," ते म्हणाले. "पर आमच्याकडं एक रीत हाय. पारावर बोलल्यालं पारावरच माघारी घ्यायचं. घरात सांगून चालत न्हाई, दौंडात सांगून तर न्हाईच न्हाई. चोर म्हणून त्याचं नाव पारावर गेलंय, तितनंच उतरलं पायजे." शुक्रवारी पोळा आहे, सगळे पारावर असतील. मी हो म्हटलं.

२१ ऑगस्ट, शुक्रवार

बैलांच्या शिंगांना बेगड लावलेली, गळ्यात झेंडूच्या माळा. झेंडू बयाबाईंच्या रानातला. ओवाळायला बायका ताटं घेऊन पाराच्या एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. संपत मागं उभा होता. पोपटरावांनी हात वर केला आणि सगळे गप्प झाले.

मी पाठ केल्यासारखं म्हटलं, "संपतनं पाणी नदीच्या मध्यावरूनच भरलं होतं. त्यात गाळ होता. तो माझ्या चुकीनं गेला. मी इथं त्यांना खोटं ठरवलं, ते माझे शब्द मी परत घेते."

पोपटराव म्हणाले, "म्हंजी पानी नितळ दिसलं ही चुकी?"

"हो," मी म्हटलं. "आम्हाला गाळच हवा असतो. तोच तर मोजायचा असतो. तो नसला तर सगळं काम फुकट." मला वाटलं, जितकं नीट समजावून सांगीन तितका संपत मोकळा होईल. एवढी अक्कल मला कुणी दिली होती?

बायकांच्या बाजूनं आवाज आला. "गाळच पायजे व्हता?"

बयाबाई ताट घेऊन उभ्या होत्या. संपत घाईनं पुढं आला. "आई, घरी चल." त्या म्हणाल्या, "थांब रं." ताट शेजारणीच्या हातात दिलं आणि पारासमोर आल्या, जिथं बायका सहसा येत नाहीत. "बाई खोटं बोलत्यात," त्या म्हणाल्या. "गाळ मी काढला. पाणी मी निवळलं, बाटल्या मी घासल्या. संपतला ठावं न्हवतं. मला वाटलं, घाण पाणी गेलं तर गावाचं नाव लाल शाईत लिवत्याल. ह्यात ना बाईंची चुकी, ना पोराची."

मग पोपटराव हसले. आधी हळू, मग पोट धरून. "आरं, बयाबाईनं सरकारला भीमा निवळून दिली!" सगळा पार हसायला लागला. वाईट हसणं नव्हतं ते. त्या हसण्यात संपतवरचा आळ केव्हा धुऊन गेला ते कुणाला कळलंही नाही. दोन म्हाताऱ्यांनी येऊन त्याच्या पाठीवर थाप मारली.

आणि मग कुणीतरी म्हणालं, "मॅडमनी म्हातारीसाठी सोत्तावर घेतलं, बघा. मन मोठं हाय बाईचं." एका बाईनं पुढं होऊन मला कुंकू लावलं. दुसरीनं पुरणपोळीचं पान हातात दिलं. मी मान खाली घातली. त्यांना वाटलं, संकोचले.

बयाबाई हसत नव्हत्या. त्या संपतसमोर उभ्या राहिल्या. "तुला ठावं व्हतं?" त्यानं नजर चुकवली. त्यांनी त्याच्या दंडावर एक जोराची चापट मारली आणि मग तोच दंड धरून रडल्या, सगळ्या गावादेखत.

एस.टी.त बसल्यावर माझ्या लक्षात आलं. त्या 'मला वाटलं' म्हणाल्या. 'मला बाईंनी सांगितलं' असं म्हणाल्या नाहीत.

२४ ऑगस्ट, सोमवार

रविवारभर एकच वाक्य घोकलं आणि आज सकाळी आधी त्यांच्याकडे गेले. त्या चुलीपाशी होत्या. तीन दिवसांत उतरल्यासारख्या वाटल्या. मी उंबऱ्याशीच बसले. "मावशी, ते लाल शाईचं मी—"

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. भाकरी उलटली. "मी म्हातारी झाले म्हणून इसरले आसं वाटलं व्हय तुम्हाला?"

"मग परवा पारावर का नाही सांगितलं?"

"तुम्ही माझ्यासाठी खोटं बोलत उभ्या व्हता. तितं मी तुमचं नाव घिऊ?" त्यांनी पुढची भाकरी थापायला घेतली. "राग आला व्हता. न्हाई म्हणत न्हाई. आजून बी हाय. अडाणी माणूस इचारतंय म्हणून कायबी सांगायचं आसतं व्हय, बाई?"

मी म्हटलं, "नाही." माफी मागायची राहिली, हे आत्ता लिहिताना कळतंय.

उठताना त्यांनी थांबवलं. "संपतला सांगू नका. त्याला रोज तुमच्या हाताखाली काम करायचं हाय. मनात आढी धरून कसा करंल? त्याचं नाव पक्कं होऊ द्या."

मग घाटावर गेले. नदी तुडुंब होती. संपतनं एकामागून एक बाटल्या भरून आणल्या आणि काठाशी येऊन माझ्यासमोर धरल्या. घट्ट, लाल, पलीकडचं काही दिसत नाही अशा. तो खुशीत होता. एस.टी.पर्यंत क्रेट त्यानंच खांद्यावर घेतला. वाटेत म्हणाला, "आईला लई इचारलं, त्यो लाल शाईवाला कोण? सांगतच न्हाई. म्हंती, आसंल कुणीतरी, दे सोडून. तुम्हाला कधी काय म्हणली का?"

बयाबाईंनी बजावलं होतं म्हणून मी तसं उत्तर दिलं, असं लिहिता येईल. पण त्यांनी बजावलं नसतं तरी मी तेच उत्तर दिलं असतं, आणि ते देताना डोळ्यांत डोळे घालून बघितलं असतं.

मी म्हटलं, "नाही."

त्यानं मान हलवली, क्रेट माझ्या सीटखाली नीट सरकवला, बाटल्या एकमेकींवर आपटू नयेत म्हणून मध्ये आपला पंचा कोंबला आणि खाली उतरला.